तेल, पाणी आणि मधले कण : प्रस्तावना

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे कळायला रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. तरीही आपल्या ताटातल्या आणि फ्रिजमधल्या कितीतरी पदार्थांत ही दोन्ही शेजारी शेजारी असतात. दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धाचे थेंब, तर लोणी म्हणजे स्निग्धात अडकलेले पाण्याचे थेंब. नारळाचे दूध, मेयोनेज, आइस्क्रीम आणि बाळांसाठीचे डबाबंद दूध ही सगळी याच कुळातली मंडळी. न मिसळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात पसरले की त्याला इमल्शन, म्हणजेच पायस म्हणतात. अशी पायसे खाण्याजोग्या सूक्ष्म कणांच्या आधाराने कशी टिकवता येतात आणि त्याच कणांच्या आडोशाने जीवनसत्त्वांसारखी नाजूक द्रव्ये पोटापर्यंत कशी पोहोचवता येतात, हा या पुस्तकाचा विषय आहे.

काम वाटते तेवढे सोपे नाही. एक मिलिलिटर तेलाचा एकच गोल थेंब केला तर त्याचे पृष्ठफळ पाच चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तेच तेल एक मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत फोडले, तर थेंबांची संख्या दोन लाख कोटींच्या जवळ जाते आणि एकूण पृष्ठफळ सहा चौरस मीटर होते. मुंबईतल्या एखाद्या स्वयंपाकघराच्या फरशीएवढे! पाण्याला लागून असलेला तेलाचा प्रत्येक चौरस मिलिमीटर ऊर्जेच्या हिशेबात महाग पडतो, म्हणून हे सगळे थेंब संधी मिळताच एकमेकांत शिरून पृष्ठफळ कमी करू पाहतात. शिवाय तेल हलके असल्याने थेंब वर चढतात, आणि मोठे थेंब लहानांपेक्षा फार वेगाने चढतात. काही तेलांत लहान थेंबांतले रेणू पाण्यातून झिरपत मोठ्या थेंबांत जमा होतात. पायस बिघडण्याच्या या तीन वाटा. त्या अडवण्यासाठी अन्न-उद्योग बहुधा लेसिथिन किंवा मोनो आणि डायग्लिसराइड यांसारखी पायसीकारके वापरतो. बिस्किटाच्या पुड्यावर ३२२ किंवा ४७१ असे आकडे दिसतात, ते यांचेच. या रेणूंचे एक टोक तेलात रमते आणि दुसरे पाण्यात. ते सीमेवर येऊन बसतात खरे, पण कायमचे नाही. त्यांचे येणे-जाणे चालूच राहते.

रेणूंच्या जागी घन कण बसवले तर? या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिळाले, आणि तेही खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत नव्हे. १९०३ मध्ये वॉल्टर रॅम्सडेन यांनी दाखवले की द्रवांच्या पृष्ठभागावर घन पदार्थांचा पापुद्रा जमतो आणि तो बुडबुड्यांना व थेंबांना टिकवून धरतो. १९०७ मध्ये स्पेन्सर पिकरिंग यांनी पायसांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. हे पिकरिंग इंग्लंडमधल्या वोबर्न इथल्या प्रायोगिक फळबागेत काम करत होते. झाडांवरच्या किडींसाठी पॅराफिन तेल पाण्यात मिसळून फवारायचे, तर ते टिकणारे हवे. त्यासाठी साबण वापरत. पिकरिंग यांना आढळले की मोरचूद आणि चुना यांच्या मिश्रणातून जो तांब्याचा बारीक साका तयार होतो, तोही तेलाचे थेंब छान धरून ठेवतो. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांच्या परिचयाचे बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचेच. कणांनी टिकवलेल्या पायसाला आज जगभर पिकरिंग पायस म्हणतात. मान रॅम्सडेन यांचा आधी होता, नाव मात्र पिकरिंग यांचे रूढ झाले.

कण सीमेवर का टिकतो, याचे गणित अवघड नाही आणि ते या पुस्तकात वारंवार येणार आहे. तेल-पाण्याच्या सीमेवर कण बसला की त्याच्या आकाराइतकी सीमा पुसली जाते. तेवढी ऊर्जा वाचते. कणाला तिथून उपटायचे तर ती ऊर्जा परत मोजावी लागते. ही किंमत तीन गोष्टींवर ठरते : कणाची त्रिज्या, तेल-पाण्यामधला ताण, आणि कण पाण्याने किती भिजतो व तेलाने किती, हे सांगणारा स्पर्शकोन. त्रिज्येचा तर वर्ग लागतो. खाद्यतेल आणि पाणी यांच्यातला ताण मीटरला २५ मिलिन्यूटन धरा, कणाची त्रिज्या १०० नॅनोमीटर आणि स्पर्शकोन ९० अंश. मग कण उपटायला लागणारी ऊर्जा ही रेणूंच्या नेहमीच्या उष्णताजन्य धडपडीतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दोन लाख पट निघते. साध्या पायसीकारकाच्या रेणूसाठी हाच आकडा काही एककांपासून फार तर काही दशकांपर्यंत असतो. म्हणून रेणू ये-जा करतो आणि कण एकदा बसला की बसला.

पण कोन बदलला की हिशेब कोसळतो. तोच कण पाण्यात जास्त भिजणारा निघाला आणि कोन ३० अंशांवर आला, तर दोन लाखांचे साडेतीन हजारही उरत नाहीत. पकड तरीही पुरेशी असते, पण कोन शून्याकडे गेला की कण सरळ पाण्यात निघून जातो. फिंकल, ड्रेपर आणि हिल्डब्रँड यांनी १९२३ मध्ये यावरूनच एक नियम मांडला : कणाला जो द्रव जास्त भिजवतो, तो बाहेर राहतो आणि दुसऱ्याचे थेंब होतात. पाण्यात तेलाचे थेंब हवे असतील तर कण थोडा पाण्याकडे झुकलेला हवा, आणि तेलात पाण्याचे थेंब हवे असतील तर तेलाकडे. अन्नातले बहुतेक कण एक तर पाण्याचे फार लाडके असतात किंवा अजिबात नसतात. मधला, दोन्हीकडे थोडाथोडा भिजणारा कण मिळवणे हीच पहिली अडचण.

हे तत्त्व स्वयंपाकघरात केव्हाच पोहोचले आहे. फ्रान्सच्या ऑगस्त गोलँ यांनी १८९९ मध्ये दूध एकजीव करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. हे यंत्र दूध मोठ्या दाबाखाली अतिशय अरुंद फटीतून ढकलते. आजच्या डेअऱ्यांत हा दाब साधारण दीडशे ते दोनशे बार असतो. म्हशीच्या किंवा गायीच्या दुधातले काही मायक्रॉनांचे स्निग्ध थेंब फटीतून बाहेर पडताना फाटून एका मायक्रॉनच्याही खाली येतात. पृष्ठफळ एकदम कित्येक पट वाढते, आणि थेंबांभोवतीचे मूळचे पातळ आवरण त्याला पुरत नाही. उघड्या पडलेल्या जागेवर दुधातल्याच केसीन या प्रथिनाचे गोळे धावून येतात. हे गोळे सरासरी दीडशे नॅनोमीटरचे. थेंबावर बसताना ते काहीसे पसरतात, पण तिथेच राहतात. केसीनने लादलेला बारीक थेंब जड होतो, वर चढत नाही, आणि म्हणून होमोजिनाइज्ड दुधाच्या पिशवीत मलई वेगळी होत नाही. अशा दुधाला सायही पातळ येते. लोणी आणि मार्गरीनमध्ये हेच काम मेदाचे स्फटिक करतात. पाण्याच्या थेंबांना ते बाहेरून वेढतात. कणांनी पायस टिकवणे ही कल्पना म्हणूनच अन्नाला नवी नाही. आता नवे एवढेच की आपण कण निवडून, मोजून, हेतुपुरस्सर बसवू पाहतो.

सुरुवातीचे बहुतेक प्रयोग सिलिकाच्या किंवा पॉलिस्टायरीनच्या गोळ्यांवर झाले, कारण ते हव्या त्या आकाराचे, गोल आणि एकसारखे बनवता येतात. ब्रिटनमधल्या हल विद्यापीठात बर्नार्ड बिंक्स यांनी या क्षेत्राला शिस्त लावली. लीड्स विद्यापीठात एरिक डिकिन्सन आणि ब्रेंट मरे यांनी तेच प्रश्न अन्नाच्या अंगाने विचारले. तिथूनच खरी शोधाशोध सुरू झाली : ताटात चालतील असे कण कोणते?

पहिला उमेदवार स्टार्च. बटाट्याच्या स्टार्चचे दाणे शंभर मायक्रॉनांपर्यंत मोठे असतात, ते या कामी निरुपयोगी. तांदळाचे तीन ते आठ मायक्रॉनांचे, ते चालतात. क्विनोआचे त्याहून बारीक असतात, आणि स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात मॅरिलिन रेनर यांच्या गटाने त्यांवर भरपूर काम केले. आपल्याकडे उपवासाला चालणारा राजगिरा इथे फार महत्त्वाचा ठरतो. त्याच्या स्टार्चचे दाणे एक-दोन मायक्रॉनांचे, म्हणजे स्टार्चच्या जगात जवळजवळ सर्वांत बारीक. अळकुड्यांचा स्टार्चही असाच बारीक. साधा स्टार्च मात्र पाण्याकडे फार झुकतो. त्यावर ऑक्टेनिल सक्सिनिक गटाची हलकी प्रक्रिया करून त्याला थोडे तेलकट वळण द्यावे लागते. असा स्टार्च अन्नात मान्य आहे. पाकिटावर तो १४५० या क्रमांकाने ओळखावा. स्टार्चने टिकवलेले थेंब मोठे राहतात, म्हणून ते हळूहळू वर चढतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. बाटली हलवली की पायस पूर्ववत. ग्राहकाला हा फरक पटवणे विक्रेत्याला जड जाते, हेही खरेच.

दुसरा उमेदवार मक्यातले प्रथिन, झाइन. हे पाण्यात विरघळत नाही, पण पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात विरघळते. प्रयोगशाळेत त्याचे कण बनताना पाहणे हा एक छोटा चमत्कार आहे. सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलात झाइनची पिवळसर, पारदर्शक धार तयार असते. चुंबकाने गरगरणाऱ्या पाण्यात ती ओतायला लागले की पहिल्याच क्षणी पाणी दुधाळ होते. अल्कोहोल पाण्यात पसरून जाते, निराधार झालेले प्रथिन गोळा होते आणि साधारण शंभर नॅनोमीटरचे लाखो-करोडो गोल कण तरंगू लागतात. अल्कोहोल उडवून टाकायचे, मग तेल घालून वेगाने फिरणाऱ्या पात्याखाली घुसळायचे. इथे आम्लता सांभाळावी लागते, मीठ सांभाळावे लागते. कणांवरचा विद्युत्भार जास्त झाला तर ते सीमेवर दाटीने बसत नाहीत, आणि कमी झाला तर आपसांतच चिकटून खाली बसतात. २०१२ च्या सुमारास क्रासिमीर वेलिकोव यांच्या गटाने झाइनच्या कणांनी टिकवलेले तेलाचे पायस प्रसिद्ध केले आणि त्यानंतर जगभर झाइनची लाटच आली.

याखेरीज नारळपाण्यावर वाढणाऱ्या जिवाणूंनी विणलेला सेल्युलोज आहे, पनीरच्या निवळीतली (व्हे) प्रथिने तापवून जेल करून बारीक तुकडे केलेले मृदू कण आहेत, कोळंबी-खेकड्याच्या कवचांतून निघणारे कायटिनचे सुईसारखे स्फटिक आहेत. कोकणातल्या कोळंबीच्या कवचांचे मोल नव्याने ठरू शकेल, असे ऐकायला छान वाटते. पण शिंपल्या-कोळंबीची अॅलर्जी असणाऱ्यांचा विचार आधी, मोलाचा नंतर. प्रत्येक कणाचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून पुस्तकात प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

आता पोषकांकडे. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात थोडे विरघळते. आम्लात ते बऱ्यापैकी टिकते, पण रक्ताइतक्या, म्हणजे किंचित अल्कधर्मी पाण्यात आणि ३७ अंश तापमानाला त्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग अर्ध्या तासात नष्ट होतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातला गुण ज्या रेणूला चिकटवला जातो, तो इतका अल्पायुषी आहे. अ जीवनसत्त्व उजेडाने आणि हवेने खराब होते. माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्ले इतकी सहज खवट होतात की चव आधी जाते, गुण मागाहून. ही सगळी द्रव्ये तेलात विरघळतात. तेव्हा तेलाच्या थेंबाला कणांची भिंत घालून ती वाचवावीत, हा विचार स्वाभाविक आहे.

इथे मात्र एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकला पाहिजे. कणांची भिंत सलग नसते. १०० नॅनोमीटर त्रिज्येचे गोल एकमेकांना अगदी टेकून बसले, तरी कोणत्याही तीन गोलांच्या मध्ये सुमारे ३० नॅनोमीटरची फट उरते. ऑक्सिजनचा रेणू नॅनोमीटरच्या एक तृतीयांशाएवढा. त्याला ही फट म्हणजे राजमार्ग. तरीही अनेक प्रयोगांत कणांनी वेढलेले तेल खवट व्हायला जास्त वेळ घेते. त्याची कारणे वेगळी असतात. प्रथिनांच्या कणांतले काही घटक खवटपणाची साखळी स्वतःवर घेऊन तोडतात. कणांवर धन भार असेल तर लोहाचे आयन, जे खवटपणा भडकवतात, ते सीमेपासून लांब ठेवले जातात. जाड थर उजेड विखुरतो. म्हणजे संरक्षण मिळते ते भिंत असल्यामुळे कमी आणि भिंत कशाची आहे यामुळे जास्त. सिलिकाची भिंत आणि झाइनची भिंत दिसायला सारखी, कामात निराळी.

आणि मग येतो पोटाचा प्रश्न. माझ्या मते हाच या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. कर्क्युमिन किंवा जीवनसत्त्व थेंबात सुखरूप राहून जसेच्या तसे बाहेर पडले तर त्या संरक्षणाचा उपयोग काय? तेल पचले पाहिजे. पचताना निघणाऱ्या मेदाम्लांच्या आणि पित्तक्षारांच्या सूक्ष्म गुच्छांत बसूनच ही द्रव्ये आतड्याच्या भिंतीपर्यंत जातात. साध्या पायसीकारकाला पित्तक्षार सहज हुसकावून लावतात आणि मग लायपेज हे मेद पचवणारे विकर तेलावर तुटून पडते. कणाला पित्तक्षार तितक्या सहज हलवू शकत नाहीत. दोन लाख पट पकडीचा हा दुसरा पैलू. पण लायपेज स्वतः अवघे पाच नॅनोमीटरचे असल्याने फटींतून आत शिरू शकते. म्हणून कणांमुळे मेदाचे पचन मंदावते. सहसा पूर्ण थांबत नाही.

शिवाय खाण्याजोगा कण स्वतःही पचतो, आणि कुठे पचतो हे त्याच्या द्रव्यावर ठरते. स्टार्चवर तोंडातल्या लाळेतच अॅमिलेज काम सुरू करते. प्रथिनाच्या कणावर जठरात पेप्सिन येते. सेल्युलोज आणि कायटिन लहान आतड्यात जवळजवळ अभंग राहतात. याचा अर्थ, कण निवडताना आपण थेंब कुठे उघडायचा तेही ठरवत असतो. जठरात उघडायचा नसेल तर प्रथिनाच्या कणावर पेक्टिनसारखा दुसरा थर द्यावा लागतो. २०१४ मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून ठरवलेल्या इन्फोजेस्ट पद्धतीत काचपात्रातले पचन एकाच साच्यात मोजतात : तोंड दोन मिनिटे, जठर दोन तास, लहान आतडे दोन तास. तेव्हापासून वेगवेगळ्या गटांचे निकाल एकमेकांशेजारी ठेवता येऊ लागले. तरी काचपात्र म्हणजे माणूस नव्हे; या पुस्तकातले बहुतेक पचनाचे आकडे काचपात्रातले आहेत, हे वाचकाने सतत लक्षात ठेवावे.

या विषयाभोवती आशेचे आणि भीतीचेही बरेच वारे वाहत आहेत. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात पॉलिसॉर्बेट ८० आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ही पायसीकारके दिलेल्या उंदरांत आतड्याचा सौम्य दाह आणि चयापचयाचे बिघाड दिसले. त्यानंतर पायसीकारके नकोत, कण हवेत, असा सूर उमटला. दुसऱ्या बाजूला, अन्नातल्या नॅनो आकाराच्या कणांबद्दलही शंका आहेत. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगाला युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नातून हद्दपार केले. दोन्ही गोष्टींतून एकच धडा घ्यायचा. पायसीकारकाऐवजी कण म्हणून पदार्थ आपोआप सुरक्षित ठरत नाही, आणि कण नॅनो आकाराचा म्हणून आपोआप घातकही ठरत नाही. पचून अमिनो आम्ले होणारा झाइनचा गोळा आणि न विरघळणारा धातूच्या ऑक्साइडचा कण एकाच शब्दाखाली आले, तरी शरीराला ते वेगळे भेटतात. शिवाय तेल शेवटी तेलच असते. कणांनी गुंडाळल्याने त्यातल्या कॅलऱ्या घटत नाहीत.

उद्योगाच्या अडचणी वेगळ्या आहेत. झाइनसाठी वापरलेले अल्कोहोल परत मिळवणे खर्चिक आहे. बीकरमधले पायस वाळवून पावडर केले की कधीकधी थेंब फुटतात. मिरची, मीठ आणि चिंचेच्या आंबटपणात कणांवरचा भार बदलतो. सोप्या शब्दांत, प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात टिकलेले पायस चटणीत टिकेलच असे नाही. या अडचणींवरची प्रकरणे मुद्दाम लांब ठेवली आहेत, कारण संशोधन-निबंधांत त्या एका परिच्छेदात आटोपतात.

पुस्तक तीन भागांत आहे. पहिल्यात सीमेचे भौतिकशास्त्र आहे. बारावीचे गणित येणाऱ्याला ते पुरे पडावे. दुसऱ्यात एकेक कण, त्याचे मूळ, तयार करण्याची कृती आणि खोडी. तिसऱ्यात पोषकांचे रक्षण, पचन आणि कायदे. अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी क्रमाने वाचावे. लघुउद्योग चालवणाऱ्यांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी हरकत नाही. सामान्य वाचकाने तिसरा भाग जरूर वाचावा, कारण जाहिरातीतले ‘नॅनो’ आणि ‘अधिक शोषण’ हे शब्द त्याच्याच खिशाकडे बघून लिहिलेले असतात.

अशा कुठल्याही दाव्यापुढे चार प्रश्न ठेवावेत. कण कशाचा आहे? तो थेंबाला किती घट्ट धरतो? शरीरात कुठे आणि कशाने सुटतो? आणि हे मोजले कुठे, काचपात्रात की माणसात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक निबंधांत मिळतात. तिसऱ्याचे कमी ठिकाणी मिळते आणि चौथ्याचे त्याहून कमी. पिकरिंग यांच्या फवाऱ्यात थेंब फक्त टिकायला हवा होता, म्हणून तिथे तांब्याचा साका पुरला. खाण्याच्या पदार्थात थेंब टिकायलाही हवा आणि योग्य जागी फुटायलाही हवा. ही दुसरी अट पुरी करणारे कण पुरवण्यात अन्नविज्ञान कितपत यशस्वी झाले आहे, याचा हिशेब पुढच्या पानांत मांडला आहे.